हकीमसाबच्या बगलेला

आमच्या गल्लीत आजपत्तर कुणी मेलं न्हाई. म्हणजे जनाजे निघाले, तिरड्या निघाल्या, मी माझ्या डोळ्यानं बघितल्या, पण कंदीलवाल्या चाचांना इचारा, ते म्हणतील सगळे हायेत, आपापल्या जागेवर दुकान लावून बसलेत. नांदेडच्या जुन्या गावात नदीकडं उतरणारा जो अरुंद रस्ता हाय, त्याच्या मधोमध चाचांचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली आन् एक पायरी, दाराला शटर न्हाई, अजून लाकडी फळ्याच. एकेकाळी तितं कंदील, ग्यासबत्त्या, स्टोव्ह दुरुस्तीला यायचे. लग्नसराईत तर ग्यासबत्त्यांची रस्त्यापत्तर रांग लागायची. आता कंदील कोण आणतंय. आता बाया कुकरची शिट्टी घेऊन येतेत, ग्यासची शेगडी घेऊन येतेत. चाचा ते बी दुरुस्त करून देतेत, पण करताना तोंड असं करतेत जसं वाघापुढं कुणी गवत टाकलं.

चाचांची खोड एकच, पण ती एक दहा माणसांना वाटून उरंल अशी. गल्लीतल्या कोणत्या बी जागेला ते आजच्या नावानं बोलत न्हाईत. तितं आधी जो बसायचा त्याचंच नाव. डोळे अधू झालेत म्हणाल तर तसं बी न्हाई, स्टोव्हच्या पिना ते चष्म्याबगर घालतेत. नवी पाटी लागली की सगळ्यात आधी जाऊन ती अख्खी वाचतेत, रंग चांगला हाय, अक्षर चांगलं हाय, असं दुकानदाराला सांगून येतेत, आन् जागेवर येऊन बसले की परत जुनंच. समोरच्या कोपऱ्यावर एक हकीम बसायचे. ते गेले, खोली लई दिवस बंद होती, मग तितं ती कार्ड घालून पैसे काढायची मशीन आली. चाचांसाठी ती हकीमसाबच. सकाळी फळ्या काढल्या की मशीनीकडं बघून सलाम करतेत. कुणी पत्ता इचारला की, "हकीमसाबच्या बगलेला." एकदा गुरुद्वाऱ्याला आलेला एक म्हातारा सरदार घाम पुसत आला, पैसे कुठं निघतेत म्हणून इचारलं. चाचा म्हणले, "हकीमसाब के पास जाव." सरदार म्हणला, मला काय झालं न्हाई, मी चांगला हाय, मला पैसे पायजेत. चाचा म्हणले, "हौ, तो वहीच देते ना." मी बाजूलाच लिंबं घेऊन बसलेली, सरदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, जावा बाबा, हकीम भला हाय. चाचांना कुणी समजावून सांगितलं की अहो ती मशीन हाय, तर त्यांचं उत्तर तयार. "हकीमसाब पैले नाडी दाबायचे, मग बोलायचे. ही बी बटण दाबल्याबगर बोलती का? मग फरक काय पडला सांगा."

हकीमसाबच्या वरच्या माडीवर पूर्वी बँडवाले ऱ्हायचे, आता दाताचा दवाखाना हाय. डाक्टर तरणे, गुणी, लातूरकडचे. वरून कुणाचा कळवळून आवाज आला की चाचा हातातलं काम थांबवून मान हलवतेत आन् म्हणतेत, "सराव चालू झाला." एक बाई गाल धरून आली, दाताचा दवाखाना इचारला, तर चाचांनी वर बोट केलं, "बँडवाल्यांकडं का? जावा, आज गर्दी नै." बाई दुखणं इसरून हसली, आन् हसली म्हणून जास्तच दुखलं तिला. शेवटी डाक्टर खाली आले, हात जोडले, म्हणले, "चाचा, निदान पेशंटसमोर तरी डाक्टर म्हणा." चाचा म्हणले, "म्हणीन ना. तुमी गेल्यावर त्या माडीला डाक्टरच म्हणीन. मरेपत्तर म्हणीन." हे चांगलं बोलले का वाईट, डाक्टरांना काय कळलं न्हाई. ते तसेच पायऱ्या चढून वर गेले.

पण चाचांचा कायदाच तसा हाय. माणूस बसलेला हाय तवर त्याला नाव न्हाई, उठून गेला की जागा त्याची. आन् एकदा गेला की मग त्याच्यासारखा माणूस जगात न्हाई. मोबाइलवाल्याच्या दुकानात आधी अत्तरवाला होता. त्या अत्तरवाल्याबद्दल चाचा बोलाया लागले की ऐकणाऱ्याच्या नाकात वास यावा. काय माणूस, काय जबान, फाया कानात ठेवला की जुम्म्यापासून जुम्म्यापत्तर दरवळ. आमच्या चाची, म्हणजे चाचांची बायको, दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांनी एकदा हे ऐकलं आन् पदर तोंडाला लावून माझ्या बाजूला बसल्या. म्हणल्या, "अवं बाई, तो जिता होता तवा ह्या दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. पाणी कुणाच्या दारातून वाहायचं त्याच्यावरून रोज भांडण. गेला त्या दिवशी हे घरी येऊन जेवले न्हाईत, आन् तवापासून तो फरिश्ता." चाचांनी आतून ऐकलं. म्हणले, "भांडण बी काय खुशबूदार करायचा तो."

आता माझं सांगते. मी नायगाव बाजूच्या खेड्यातली. आमचे मालक विहिरीच्या खोदकामाला गेले, वरून दरड बसली, त्यात गेले. पोटाला एक लेक. दिरानं दाखवलेली जागा दाराच्या बाहेरची होती, म्हणून मी गावाच्याच बाहेर पडले. नांदेडला लांबची एक मावशी होती, तिनं लिंबाचा धंदा सांगितला. भाजी संध्याकाळपत्तर मान टाकती, लिंबू जरा दम धरतंय. मला बी तवा दम धरणारंच काहीतरी पायजे होतं. चाचांच्या दुकानाला लागून दुसऱ्याची इमारत होती, तिच्या ओट्याचा कोपरा रिकामा दिसला, तितं पोतं टाकलं, टोपली ठेवली, लेकीला मागं भिंतीला टेकून बसवलं. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "पानवाले, जरा तिकडं सरका, माझ्या पायरीवर पाणी येऊन राहिलं." मी मागं वळून बघितलं, मला वाटलं माझ्या पाठीमागं कुणी बाप्या हाय. कुणी नव्हतं. त्या कोपऱ्यावर म्हणे आधी पानवाला बसायचा. मी म्हणले, दादा, मी बाई हाय, मी लिंबं इकते. ते म्हणले, "दिसतंय ना. सरका."

तवापासून मी पानवाले. राम राम पानवाले, आज देर झाली पानवाले, पानवाले तुमची लेक माझ्या पिना मोजून राहिली. नवीन माणूस गल्लीत आला आन् चाचांनी त्याला "पानवाल्यापासून वळा" म्हणून सांगितलं की तो माझ्यापुढं उभा राहून पान मागायचा. मी म्हणायची, पान संपलं, लिंबू घेऊन जा. एखादा घ्यायचा बी. मला राग आला न्हाई कधी. लोकांनी पांढऱ्या पायाची म्हणलेलं मी ऐकलं होतं, नवऱ्याला खाल्लेली म्हणलेलं ऐकलं होतं. त्याच्यात पानवाले म्हणलेलं बरं वाटायचं, निदान धंद्याचं नाव होतं.

चांगलं बोलणं मात्र चाचांच्या तोंडून एक दिवस बी ऐकलं न्हाई. माझा आवाज मोठा, माझी गिऱ्हाइकं त्यांच्या पायरीवर चपला घालून उभी राहतेत, माझी टोपली वाटेत. रोज काहीतरी काढायचेच. त्यांच्या दुकानावर पत्रा होता, तो एका वादळात माझ्या बाजूला वाकला. त्याची सावली माझ्यावर पडायची, पाऊस बी माझ्यावर येत नव्हता, उलट त्यांच्या स्टोव्हवर गळायचा. दरसाली चाचा वर बघून म्हणायचे, "हा पत्रा ठोकून घ्यायला पायजे, पानवाल्याचीच मजा होऊन राहिली." आन् स्टोव्ह उचलून आत सरकवायचे. लेक तितंच मोठी झाली, तितंच अभ्यास केला, त्याच कोपऱ्यावरून तिचं लगीन ठरलं, निलंग्याला दिली. पत्रा वाकडाच होता.

मग शेजारची ती इमारत पाडायची ठरली. मालकाची पोरं सांगायला आली, चांगल्या शब्दात सांगितलं, मावशी, आता हितं मोठं दुकान होणार, खाली कपडे, वर जिना, काच. तुम्ही दुसरीकडं बघा. मी दुसरीकडं बघितलं. नव्या वस्तीत गेले, पुलाकडं गेले, शाळेसमोर बसले. नव्या जागी बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडं लोक भीक मागणारी असल्यासारखं बघतेत, लिंबू घेताना बी तोंड दुसरीकडं करून घेतेत. माझे गुडघे बी आता ऐकत नव्हते. लेक फोनवर म्हणली, आई, किती दिस करशील, हिकडं ये. मी म्हणले, येते. चाचांना सांगायला गेले. ते एका कुकरचा दांडा बसवून राहिले होते.

"निलंग्याला चालले, लेकीकडं."

"कधी येणार?"

"आता काय येत न्हाई. तितंच ऱ्हायाचं."

"हौ," म्हणले. दांडा हलवून बघितला. मग म्हणले, "टोपली पायरीवर टेकवू नका, डाग पडतेत."

मी टोपली डोक्यावर घेतली आन् निघाले.

निलंग्याला मला काय कमी नव्हतं. जावई देवमाणूस, लेक गरम गरम वाढती, नातवंडं अंगावर पडतेत. पण सकाळी उठून जायाचं कुठं? मी उठायची, तोंड धुवायची, लुगडं नीट करायची आन् पलंगावर बसायची. लेक म्हणायची, आई, झोप की. जन्मभर जिला झोप मिळाली न्हाई तिला कुणी दिवसा झोप म्हणलं की कसं वाटतंय, ते मी तिला सांगितलं न्हाई. शेजारी एक कानडी बाई होती, तिनं माझी करमणूक म्हणून मला तिच्या भाषेतले शब्द शिकवायला घेतले. पैला शब्द सांगितला निंबेहण्णू. मी म्हणले, म्हणजे काय? तिनं लिंबू दाखवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी लेकीला म्हणले, मला नांदेडला जाऊ दे. आजारी पडायच्या आधी जाऊ दे.

लेक रडली, जावयानं एस्टीत बसवून दिलं. लातूरला गाडी बदलायची होती. स्टँडच्या बाहेर हातगाड्यावर लिंबं दिसली, पातळ सालीची, हाताला गार लागणारी. एक उचललं, दाबून बघितलं, वास घेतला. नुसतं बघायचं म्हणून गेले होते, पिशवी भरून घेऊन आले. सगळ्या रस्त्यानं पिशवी मांडीवर होती आन् मी मनात एकच घोकून राहिले होते, इमारत झाली असंल तर झाली असंल, तिच्या पायथ्याला एक कोपरा तर असंलच की. तितं कुणी बसलं असंल तर त्याला मी सांगणार होते, ऊठ, ही जागा माझी हाय.

गल्लीत शिरले तर इमारत झाली होती. गुळगुळीत दगडाच्या पायऱ्या, काचेचं दार, काचेत माझंच म्हातारं तोंड. आन् पायऱ्यांच्या बाजूला, बरोबर माझ्या कोपऱ्यावर, एक तरणी पोरगी बसली होती. पुढं फळीवर मोबाइलची कव्हरं, केसांच्या पिना, रबरं. चाचांपुढं एक गिऱ्हाईक उभं होतं, काहीतरी इचारत होतं, आन् चाचा त्याला म्हणले, "लिंबूवालीकडं जावा." इतक्या सालात त्या तोंडातून हे नाव आलं नव्हतं. मला वाटलं चाचांनी मला येताना बघितलं. मी पिशवी खाली ठेवली. गिऱ्हाईक माझ्या अंगावरून पुढं गेलं आन् त्या पोरीपुढं जाऊन उभं राहिलं.

मी चाचांजवळ गेले. "लिंबूवाली कोण हो?"

"ती काय बसली."

"मग मी कोण?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, शेगडीची चकती उगंच फिरवली. त्यांनी माझ्या जागेला माझं नाव देऊन टाकलं होतं, आन् दिलेलं नाव काढून घ्यायची त्यांच्या कायद्यात सोयच नव्हती.

मी पोरीकडं गेले. तिला ऊठ म्हणायचं होतं. तिच्या पायाजवळ एक लहान टोपली होती, त्याच्यात लिंबं. म्हणले, "तू कव्हरं इकती का लिंबं इकती?"

"इकते कव्हरंच, मावशी. पण ते चाचा सगळ्यांना सांगतेत लिंबूवालीकडं जा. लोक येतेत आन् लिंबू मागतेत. आधी न्हाई न्हाई म्हणून थकले, मग ठेवायला लागले." मग माझ्या पिशवीकडं बघितलं तिनं. "तुम्हीच का त्या? पहिल्या?"

"हाव. मीच."

पोरगी उठून उभी राहिली. लगेच. कव्हरं गोळा करायला लागली, म्हणली, "बसा मावशी, तुमची जागा हाय, मी बघते कुठं तरी." देगलूरकडची होती. नवरा कामाला म्हणून हैदराबादला गेला तो गेलाच, फोन बी लागत न्हाई. एवढं तिनं न इचारता सांगितलं, आन् सांगताना रडली न्हाई. ते बघून माझ्या तोंडातलं ऊठ तोंडातच राहिलं. म्हणले, "बस खाली. आन् लिंबं उन्हात कायको ठेवली? वाळतेत." दोघी मिळून बसावं म्हणलं तर नव्या दुकानाचा वॉचमन आला. म्हणला, मालकानं एकीलाच परवानगी दिली हाय, दोघी न्हाई. मालक वाईट न्हाईत, पण त्यांच्या काचेपुढं गर्दी नको.

मग मी पिशवी उचलली. रस्त्याच्या मधी उभी राहिले, एक ऑटो मागून पोंगा वाजवून राहिला होता, आन् मला खरंच कळेना की आता स्टँडकडं वळावं का काय करावं. तेवढ्यात मागून खडखड आवाज आला. चाचा पायरीवरचे कुकर उचलून आत टाकत होते. सगळी पायरी मोकळी केली, फडक्यानं पुसली.

"कुठून आल्या तुमी?" मला इचारलं, जसं काय ओळख न्हाई पाळख न्हाई.

मी म्हणले, "निलंग्याहून."

"मग बसा हितं, निलंगावाली. रस्ता कायको अडवता. ह्या पायरीवर पैले कोणी बसलं नै, म्हणून तुमच्या गावाचं नाव. आन् पाणी जरा बेतानं शिंपडा."

वॉचमन म्हणला, चाचा, ही कोण? चाचा म्हणले, "माझ्या पायरीवर हाय, तुझ्या पायरीवर हाय का?" वॉचमन गेला.

आता आमचं असं चाललंय. गिऱ्हाईक चाचांना लिंबू इचारतंय, चाचा त्याला लिंबूवालीकडं पाठवतेत. लिंबूवालीकडं कव्हरं हायेत, ती म्हणती लिंबं निलंगावालीकडं. निलंगावाली म्हणजे मी चाचांच्या पायाशीच बसलेली असते, तवा गिऱ्हाईक वळसा घालून निघालं तितंच परत येतंय. एक मास्तर हाय, तो रोज डोकं हलवत फिरतोय, पण लिंबू घेतोय. पोरगी बी आता लिंबू पारखायला शिकली. मला बरं नसलं की माझी टोपली तीच बघती, आन् मी तिच्या कव्हरांना हात लावला की ओरडती, मावशी, ते त्या मोबाइलचं न्हाई.

परवा दुपारची गोष्ट. ऊन तापलेलं, रस्त्यावर कुणी न्हाई, पोरगी जेवायला गेली होती. चाचा एका शेगडीचा बर्नर घासून राहिले होते. घासता घासता बोलाया लागले, अत्तरवाल्याबद्दल बोलतेत त्याच आवाजात.

"हितं शेजारी एक लिंबूवाली बसायची."

मी लिंबावर पाणी शिंपडलं.

"जबानची कडवी होती. पण तिनं दिलेलं लिंबू कधी सुकं निघालं नै. ऊन असो, पाऊस असो, बाई जाग्यावर. मी पैली फळी काढली की तिची टोपली लागलेली असायची. घरचं कोणी नै, सांगायला कोणी नै, एकटीनं लेक शिकवली, लगीन केलं. कधी कोणापुढं रडली नै. आमच्या घरात पोरांना सांगायचो मी, त्या बाईला बघा म्हणून."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ना त्यांनी, ना चाचींनी. मी टोपलीतली लिंबं वरची खाली, खालची वर करत बसले.

"मग गेली कशी ती?" मी इचारलं.

"लेकीकडं गेली."

"तिला कुणी थांब म्हणलं न्हाई का?"

चाचांनी बर्नर उजेडाकडं धरला, भोकं मोकळी झाली का बघितली, फुंकर मारली.

"म्हणायचं होतं," म्हणले. "राहून गेलं."

मग पोरगी आली, गिऱ्हाईक आलं, बोलणं तितंच थांबलं. चाचांनी माझ्या टोपलीवरून काहीतरी कुरकुर केली, मी काहीतरी उलटून बोलले. दुसऱ्या दिवशी मात्र मी जरा लवकरच आले. ती बाई आणखी कशी कशी होती, ते ऐकायचं होतं.